चेहरा पौषात, स्वेटर आषाढात

गोव्यात बाहुलीचा चेहरा रंगवायचा तर रंगांच्या आधी आर्द्रतामापक विकत घ्यावा. मी घेतला तेव्हा आई म्हणाली, "हवा सर्दावलीय हे कळायला यंत्र कशाला हवं? डब्यातला पापड मोडून बघ." तिचं खरंच होतं. पण पापडाला ६० टक्के आणि ८० टक्के यांतला फरक कळत नाही, आणि माझं सगळं काम नेमकं त्या फरकावर अडलं होतं.

बाहुलीचं नाव ब्लाइथ. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या केनर कंपनीने ती लहान मुलींसाठी काढली आणि ती सपशेल आपटली. डोक्यामागची दोरी ओढली की तिचे डोळे मिटतात आणि उघडतात ते वेगळ्याच रंगाचे. असे चार रंग. एवढे मोठे डोळे बघून मुली घाबरायच्या म्हणतात. वर्षभरातच विक्री बंद झाली. पुढे २००० साली न्यूयॉर्कच्या एका छायाचित्रकार बाईंचं, ठिकठिकाणी नेऊन काढलेल्या या बाहुलीच्या फोटोंचं पुस्तक आलं, आणि २००१ मध्ये जपानच्या ताकारा कंपनीने तिला पुन्हा बाजारात आणलं. या खेपेला गिऱ्हाईक मोठी माणसं होती. उंची साधारण २८ सेंटिमीटर, डोक्याचा घेर २५ च्या आसपास आणि छाती जेमतेम १०. हे प्रमाण लक्षात ठेवा, स्वेटर विणताना त्याने फार छळलं.

आमच्याकडच्या खेळण्यांच्या दुकानात ही मिळत नाही. बाहेरून मागवायची तर खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. त्यामुळे इथले संग्राहक एकमेकांकडूनच घेतात. माझी बेंगळुरूच्या एका बाईंकडून आली. केसांचा गुंता झालेला, गालावर ओरखडा, एका पायाला निळ्या जीन्सचा डाग. मला अशीच हवी होती. नव्याकोऱ्या बाहुलीवर पॉलिश पेपर चालवायला माझा हात धजला नसता.

डोकं उघडणं वाटतं तेवढं भीतीदायक नाही. केसांची टोपी सोडवायची, स्क्रू काढायचे, की पुढचा चेहरा आणि मागची कवटी असे दोन भाग वेगळे होतात. आत डोळ्यांची सगळी यंत्रणा, स्प्रिंग आणि दोरी. प्रत्येक पायरीचा फोटो काढून ठेवावा. पुन्हा जोडताना स्प्रिंग कुठल्या खाचेत होती हे आठवत नाही. डोळ्यांच्या चकत्या काढायला ग्लू गनची कांडी लागते. कांडीचं टोक वितळवून चकतीवर टेकवायचं, गार होऊ द्यायचं आणि ओढायचं. चकती अलगद सुटून येते. पहिली सुटली तेव्हा मी घरात सगळ्यांना हाका मारल्या आणि कोणीही आलं नाही.

इथे एक इशारा. बाहुल्यांचे चेहरे पुसण्याचे जे व्हिडिओ दिसतात त्यांत सर्रास ॲसिटोन वापरतात. बार्बी किंवा मॉन्स्टर हाय यांची डोकी मऊ व्हिनाइलची असतात, त्यांना ते चालतं. ब्लाइथचा चेहरा कडक प्लॅस्टिकचा. त्यावर ॲसिटोन, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हरसुद्धा, लावलं तर प्लॅस्टिकच विरघळायला लागतं. तिचा कारखान्यातला रंग आणि चकाकी घासूनच काढावी लागते. हार्डवेअरच्या दुकानात वॉटर पेपर मिळतो, तो आधी ४०० नंबरचा, मग ६०० आणि शेवटी १०००. सगळं घासणं पाण्याखाली, म्हणजे प्लॅस्टिकची धूळ नाकात जात नाही. नाकपुड्यांच्या आणि ओठांच्या कडेला कागदाची बारीक घडी करून जावं लागतं. तास दीड तास घासल्यावर चेहरा अंड्याच्या टरफलासारखा मंद होतो आणि मग बोटांना कळतं की आता पुरे.

ओठ कोरायचे की नाहीत यावर मी बराच विचार केला. हल्ली बहुतेक कस्टम, म्हणजे चेहरा बदलून नव्याने रंगवलेल्या, बाहुल्यांना टोकदार नाक, फुगलेले ओठ आणि गालभर तीळ असतात. काम सफाईदार असतं, पण शेजारी शेजारी ठेवल्या तर सगळ्या एका घरातल्या बहिणी वाटतात. मी फक्त ओठांची मधली रेघ जराशी खोल केली, दोन्ही टोकं किंचित वर घेतली आणि नाकाला हात लावला नाही. मूळ चेहऱ्यात जो एक चक्रावलेला भाव आहे तो जपायचा होता. माझं मत एवढंच की कोरताना ज्याला थांबता येत नाही त्याने कोरायला घेऊच नये.

आता आर्द्रतेकडे येते. घासलेल्या प्लॅस्टिकवर पेस्टलची, म्हणजे रंगीत खडूची, भुकटी धरत नाही. आधी मॅट सीलरचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या बिनचकाकीच्या लेपाचा, फवारा मारावा लागतो, त्याने पृष्ठभागाला बारीक खरखरीतपणा येतो आणि त्यात भुकटी रुतते. प्रत्येक थरावर पुन्हा फवारा. जगभरचे बाहुलीवाले मिस्टर सुपर क्लिअर नावाचा जपानी स्प्रे वापरतात. एरोसोलचा डबा विमानाच्या टपालाने पाठवायला बंदी असते, त्यामुळे परदेशातून पार्सल मागवायचा प्रश्नच नव्हता. विमानांची आणि रोबोंची मॉडेलं विकणाऱ्या एका भारतीय दुकानाकडे तो मिळाला. रस्त्याने आला, सावकाश आला.

डबा हाती आला तो ऐन पावसाळ्यात. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आमची जुनी माणसं अजून इंचांत मोजतात आणि १२० इंच म्हणतात. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घरातला काटा ८५ च्या खाली उतरत नव्हता. मी काळ्या प्लॅस्टिकच्या चमच्यांवर फवारा मारून पाहिला. सुकल्यावर चमच्यांवर पांढुरकी साय धरली. कारण सोपं आहे: द्रावक झपाट्याने उडून जातं, जाताना पृष्ठभाग गार करतं, आणि हवेतलं बाष्प त्या गार थरावर बसून आतच अडकतं. ६० टक्क्यांच्या वर हा धोका सुरू होतो, ७० च्या पुढे तो जवळपास ठरलेला. एसी लावून खोली कोरडी करता येते, पण बंद खोलीत हा स्प्रे मारणं म्हणजे फुप्फुसांशी वैर. तेव्हा चेहरा जुन्या पंच्यात गुंडाळून कपाटात ठेवला आणि पौषाची वाट बघितली.

दरम्यान चवथ येऊन गेली. डिचोलीत माझ्या मामाची चित्रशाळा आहे. चिकणमातीचे गणपती, पिढ्यान्‌पिढ्यांची ठरलेली घरं, पाटावर नाव लिहिलेलं. चवथीआधीच्या आठवड्यांत आम्ही सगळी भाचरंडं तिथे कामाला असतो. पितांबर, उंदीर, शेला अशी कमी जोखमीची कामं आमच्याकडे. डोळे मामा स्वतः काढतो, ते सगळ्यात शेवटी. त्या वर्षी मी त्याच्या शेजारी बसून फक्त हात बघत राहिले. मनगट हवेत नसतं, डाव्या हातातल्या काठीवर टेकलेलं असतं. आधी एक डोळा पुरा करून मग दुसरा, असं तो करत नाही. डाव्याची वरची रेघ, लगेच उजव्याची वरची रेघ. मग डाव्याची खालची, उजव्याची खालची. मधेच मूर्तीसमोर आरसा धरून बघतो. उलट्या चित्रात तिरकेपणा ताबडतोब दिसतो.

मी त्याला बाहुलीचा फोटो दाखवला आणि सीलरचं रडगाणं सांगितलं. तो बराच वेळ फोटो मोठा करून बघत राहिला.

"अगो बाय, आमचा गणपती दीड दिवसाचा," तो म्हणाला. "फार तर अकरा. तेवढा रंग टिकला की झालं. हिला विसर्जन नाही. तुझं काम कठीण."

मग ब्रशाचं बोलणं निघालं. त्याने सांगितलं की बारीक रेघेला आखूड केसांचा ब्रश घेऊ नकोस, लांब केसांचा घे. रंग जास्त धरतो आणि रेघ मधे तुटत नाही. मी तोवर तीन शून्यांचा आखूड ब्रश घेऊन बसले होते, कारण सगळीकडे तोच सांगतात. भुवयांना मामाचा सल्ला कामाला आला.

डिसेंबर संपता संपता काटा हलायला लागला. तरी दिवसातली ठरावीक वेळच उपयोगाची असते. सकाळी दव आणि धुकं, आकडा ८० च्या पुढे. ऊन चढलं की उतरत जातो आणि दुपारी बाराच्या सुमाराला ५० च्या आसपास येतो. मग समुद्रावरचा वारा सुटतो आणि आकडा पुन्हा चढायला लागतो. किनाऱ्यापासून आत असलेल्या आमच्या फोंड्यात तो वारा जरा उशिरा पोहोचतो, हा आमचा फायदा. पणजीत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला एवढी सवड मिळत नाही. थोडक्यात, जेवणाआधीचे दोन तास आपले. रविवारचं मटण चुलीवर आणि मी मागच्या पडवीत मास्क लावून, असा जानेवारी गेला.

मास्क म्हणजे कापडी नव्हे. गाड्या रंगवणारे गॅरेजवाले लावतात तो, दोन कार्ट्रिजचा, सेंद्रिय बाष्प अडवणारा. यात काटकसर करू नये. चेहरा आतून काठीला चिकटवून काठी थर्माकोलमध्ये खोचायची. डबा कोमट पाण्यात दोन मिनिटं ठेवून चांगला हलवायचा, हाताच्या एका वितीवरून फवारा सुरू करायचा तो चेहऱ्याच्या बाहेर, चेहऱ्यावरून सरकत पलीकडे जाऊनच थांबवायचा. थर इतका पातळ की मारला की नाही अशी शंका यावी. मग अर्धा तास सुकू द्यायचं. शेजारच्या काकी कुंपणावरून विचारून गेल्या, "डासांचं औषध मारतेस का गो?"

रंगकामाचा भाग खरा आनंदाचा. सॉफ्ट पेस्टलच्या कांड्या ब्लेडने खरवडायच्या. तेलकट पेस्टल चालत नाहीत, ते सुकतच नाहीत. भुकटी मऊ ब्रशने गालांवर, नाकाच्या शेंड्यावर, हनुवटीवर, पापण्यांच्या वर. मला तिला गोऱ्या गुलाबी गालांची ठेवायची नव्हती. विटकरी, थोडा हळदीचा पिवळा आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात जांभळट तपकिरी असे थर देत गेले. एका थरात रंग दिसतच नाही. फवारा, सुकणं, पुन्हा भुकटी. चौथ्या पाचव्या थराला अचानक त्वचेला खोली येते, आणि तिथे मोह आवरावा लागतो, कारण फोटोत छान दिसणारा गाल प्रत्यक्षात मार खाल्ल्यासारखा दिसू शकतो. मी प्रत्येक थरानंतर तिला खिडकीच्या उजेडात आणि ट्यूबलाइटखाली अशा दोन्ही ठिकाणी बघत होते.

भुवया जलरंगाच्या पेन्सिलीने. टोक इतकं अणकुचीदार लागतं की दर चार केसांना शार्पनर. पेन्सिल ओल्या ब्रशने पुसता येते, आणि फवारा मारून झाला की खालचं काम सुरक्षित. वरचं बिघडलं तर तेवढंच पुसायचं. मामाची पद्धत इथे: डावीकडे एक केस, उजवीकडे एक केस, मधे आरसा. तरीही दोन भुवया हुबेहूब सारख्या केल्या तर चेहरा मेला. उजवी मी केसभर वर ठेवली. ओठांना पातळ केलेले ॲक्रिलिक, सगळ्यात शेवटी ओठांवर आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत चकाकीचं वार्निश.

पापण्यांची मौज वेगळीच. दोरी ओढल्यावर डोळे मिटतात तेव्हा क्षणभर दोन मोठ्या पापण्या दिसतात, आणि लोक तिथे छोटी चित्रं काढतात. फुलपाखरं, चांदण्या. मी एकीवर सुरंगीचा गजरा आणि दुसरीवर अबोलीचा काढला. दिसतो अर्धा सेकंद, पण तो आहे हे मला माहीत आहे.

केसांचं फार काही सांगण्यासारखं नाही: कोमट पाणी, कंडिशनर, टोकांकडून मुळांकडे विंचरणं आणि एक पूर्ण संध्याकाळ. डोकं पुन्हा जोडलं, नव्या काचेच्या चकत्या बसवल्या, दोरीच्या टोकाला जुन्या तुटक्या मंगळसूत्रातला एक काळा मणी ओवला. फेब्रुवारीत चेहरा झाला आणि बाहुली पावसापर्यंत उघडीच राहिली. आईला ते बघवेना. तिने तिला एका हातरुमालात गुंडाळून ठेवलं.

कपड्यांचं काम मी मुद्दाम पावसाळ्यावर टाकलं होतं. रंग वाळत नाहीत, वीज जाते, पण सुया चालतात. अडचण लोकरीची. थंडीच नसलेल्या प्रदेशात बारीक लोकर कोण ठेवणार? मिळते ती बाळाच्या टोपड्यांची जाड ॲक्रिलिक. तिचा स्वेटर बाहुलीवर गोधडी घातल्यागत दिसतो. क्रोशाचा दोरा मात्र गोव्यात हवा तितका. ख्रिस्ती घरांतून क्रोशाच्या लेसची परंपरा जुनी आहे, वेदीवरच्या कापडांपासून टेबलक्लॉथपर्यंत. त्यामुळे म्हापशाच्या बाजारात दोऱ्याचे गुंडे रंगवार मांडलेले असतात. मी २० नंबरचा सुती दोरा घेतला.  तोटा हा की सुतात ताण नाही, त्यामुळे मापात दोन टाक्यांचीही चूक खपत नाही.

सुया २ मिलिमीटरच्या, म्हणजे दुकानात १४ नंबर म्हणून मिळतात त्या. बाह्यांना दोन्ही टोकांच्या लहान सुया लागतात. त्या आईकडे होत्या: सायकलच्या चाकाच्या तारा कापून, टोकं दगडावर घासून आजोबांनी तिला करून दिलेल्या. तारही नेमकी २ मिलिमीटरचीच असते. त्या काळी मोजे विणायला पुष्कळ घरांत अशाच सुया असायच्या.

माझ्या हाताला एका इंचात १० टाके बसतात. स्वेटर गळ्याकडून खाली विणायचा. गळ्याला २६ टाके घालायचे, त्यांची वाटणी अशी: ५ पाठ, ३ बाही, १० पुढचा भाग, ३ बाही, ५ पाठ. या चार जोडांच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक ओळीत एकेक टाका वाढवायचा, म्हणजे एका ओळीत ८ वाढतात. पाच वेळा वाढवले की ६६ होतात. मग बाह्यांचे १३-१३ टाके दुसऱ्या दोऱ्यात ओवून बाजूला ठेवायचे, काखेत दोन-दोन नवे घालायचे आणि उरलेल्या ४४ टाक्यांवर सरळ खाली. पाठ मात्र पूर्ण उघडी ठेवावी लागते. २५ सेंटिमीटरच्या डोक्यावरून १० सेंटिमीटरच्या छातीचा स्वेटर जाणार कसा? ब्लाइथचे कपडे मागून उघडे असतात ते म्हणूनच. मागे तीन टिचबटणं, सगळ्यात लहान मापाची. खरी बटणं चार मिलिमीटरची मिळेनात, तेव्हा पुढे शोभेला मणी शिवले.

आईने पहिली बाही विणून दिली आणि दुसरी मी विणली. दोन्हींचा हात वेगळा आहे हे शेजारी ठेवल्यावर दिसतं. आईची घट्ट.

मला तिला कुणबी चौकडीचं काहीतरी घालायचं होतं. कुणबी बायकांचं ते लाल चौकटींचं, गुडघ्यापर्यंतचं, खांद्यावर गाठ मारलेलं कापड. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ते फॅशनच्या मंचावर नेल्यावर शहरांतही त्याची चर्चा झाली. विणकामात चौकडी आणायची युक्ती अशी की आडव्या रेघा विणतानाच पांढऱ्या दोऱ्याच्या दोन ओळी टाकून येतात, आणि उभ्या रेघा नंतर क्रोशाच्या सुईने वरून साखळी घालत काढायच्या. उभ्या रेघांना दोन दोऱ्यांतून उभं विणत गेलं तर पाठीमागे सैल दोऱ्यांचं जंजाळ होतं आणि एवढ्या लहान कपड्यात ते बोटांत अडकतं.

लाल रंगाची मात्र धास्ती. गडद रंगाचा कपडा महिनोन्‌महिने अंगावर राहिला की बाहुलीच्या कातडीत रंग उतरतो आणि तो धुऊन जात नाही; आधीच्या मालकिणीच्या जीन्सने तिच्या पायाचं तेच केलं होतं. लाल दोरा विणायच्या आधीच लडी करून गरम पाण्यातून काढला, पांढऱ्या ओल्या फडक्यावर चोळून पाहिला, पुन्हा काढला. मीठ आणि व्हिनेगर दोन्ही करून बघितलं, सुती दोऱ्यावर फारसा फरक दिसला नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुणं हाच उपाय, आणि वर पातळ पांढऱ्या मलमलीचं अस्तर. अस्तर आईने मशीनवर न घालता हाताने शिवलं, कारण मशीनचा पाय त्या बाहीत शिरत नाही.

आता ती काचेच्या कपाटात असते, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पुड्या दर काही दिवसांनी तव्यावर गरम करून घेते, नाहीतर श्रावणात केसांना बुरशी येते. फोटो पाहून काही जणींनी काम करून मागितलं. कपड्यांना मी लगेच हो म्हणते. चेहऱ्याला डिसेंबरनंतर, आणि आगाऊ पैसे घेत नाही, कारण अवेळी पाऊस कधी येईल सांगता येत नाही. मडगावच्या एकीला तिच्या बाहुलीसाठी विणलेला पानो-बाजू, म्हणजे गोव्यातल्या ख्रिस्ती बायकांचा जुना पारंपरिक पोशाख, हवा होता. बाजू मखमलीचा, त्यावर जरीचं काम; विणलेल्या सुताला ती झळाळी येत नाही आणि तो अंगावर तसा पडतही नाही. ते शिवूनच घे असं तिला सांगितलं, आणि त्याखाली घालायला जाळीदार क्रोशाचा परकर करून देते म्हटलं.